डेबियनवर एमपीव्ही आणि व्हीएलसी: चित्र अडखळतं तेव्हा, मराठी सबटायटल तुटतात तेव्हा – माझा अनुभव

एमपीव्ही आणि व्हीएलसी हे दोन व्हिडिओ प्लेअर डेबियन या लिनक्सवर नीट चालवताना आलेल्या अडचणी इथे लिहितो आहे. ज्या लॅपटॉपवर हे सगळं केलं त्यात इंटेलचा सहाव्या पिढीचा आय५-६२००यू प्रोसेसर आहे. दोन कोर, चार थ्रेड, एचडी ग्राफिक्स ५२०, ८ जीबी रॅम आणि डेबियन १३. नवीन यंत्रावर यातल्या निम्म्या अडचणी दिसणारही नाहीत, पण घरोघरी अजून याच वयाचे लॅपटॉप आहेत आणि लिनक्स बहुधा त्यांच्यावरच टाकलं जातं. खाली दिलेल्या आज्ञा आणि पर्याय देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलमध्ये अर्थातच ते रोमन लिपीत टाइप करायचे.

बसवण्याचं काम एका ओळीचं आहे: सुडो एपीटी इन्स्टॉल एमपीव्ही व्हीएलसी. दोन्ही प्लेअर डेबियनच्या मुख्य रेपॉझिटरीत (पॅकेजच्या भांडारात) आहेत, दाबलेला व्हिडिओ आणि आवाज उलगडणारं एफएफएमपेगही तिथेच आहे, त्यामुळे कोडेकसाठी (दाबण्या-उलगडण्याच्या पद्धतींसाठी) बाहेरचं काही जोडावं लागत नाही. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सवर मात्र असं नाही. तिथे पेटंटच्या कारणाने एफएफएमपेगची छाटलेली आवृत्ती मिळते. आरपीएम फ्यूजन हे बाहेरचं भांडार जोडून डीएनएफ स्वॅप या आज्ञेने 'एफएफएमपेग-फ्री' काढून पूर्ण 'एफएफएमपेग' घ्यावं लागतं, आणि ग्राफिक्स एएमडीचं असेल तर मेसा या ग्राफिक्स लायब्ररीचा 'फ्रीवर्ल्ड' व्हीए (व्हिडिओ उलगडण्याचा) ड्रायव्हरही. आवाज येतोय पण चित्र नाही, अशी फेडोरावरची तक्रार बहुतेक वेळा इथेच मिटते.

माझ्याकडे प्लेअर लगेच चालू झाला, पण १०८०पीची फाइल लावली की पंखा जोरात फिरायचा आणि हलत्या दृश्यांत चित्र अडखळायचं. अशा वेळी बहुतेक जण सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकतात. त्याने काही होत नाही, कारण वापरकर्त्याच्या सेटिंग होम फोल्डरात असतात आणि एपीटी त्यांना हात लावत नाही. पर्ज (पॅकेज सेटिंगसकट काढणं) केलं तरी नाही. एमपीव्हीची सेटिंग 'डॉट कॉन्फिग'मधल्या 'एमपीव्ही' फोल्डरात, व्हीएलसीची त्याच्या शेजारच्या 'व्हीएलसी' फोल्डरात 'व्हीएलसीआरसी' या फाइलीत. शंका सेटिंगवर असेल तर त्या फोल्डरचं नाव बदलून पाहावं. तेवढं पुरतं.

व्हिडिओ चालणं ही साखळी आहे. फाइलीच्या डब्यातून चित्र, आवाज आणि सबटायटलचे प्रवाह वेगळे होतात, कोडेक ते उलगडतो, ग्राफिक्स चिप चित्र ताणून पडद्यावर मांडते, आवाज वेगळ्या वाटेने जातो, सबटायटल शेवटी वर चढतात. कुठली कडी तुटली हे आधी ठरवलं नाही तर इंटरनेटवरचे दहा उपाय एकावर एक चढतात आणि मूळ दोष त्यांच्याखाली गाडला जातो.

यासाठी एमपीव्हीसारखं साधन नाही. फाइल टर्मिनलमधून उघडली की तो स्वतःच सांगत जातो. माझ्याकडे व्हीओच्या (व्हिडिओ आउटपुटच्या) ओळीत '१९२०x१०८०' आणि त्यापुढे 'वाययूव्ही४२०पी' दिसत होतं, म्हणजे चित्र प्रोसेसर उलगडत होता. ग्राफिक्स चिप काम करत असती तर तिथे 'व्हीएएपीआय' (चिपकडून व्हिडिओ उलगडून घेण्याची लिनक्सवरची सोय) दिसलं असतं. चालू फाइलीवर शिफ्ट धरून आय दाबलं की आकडेवारीचा फलक कायम राहतो. त्यातली 'ड्रॉप्ड फ्रेम्स' ही ओळ सगळ्यांत मोलाची. ती डिकोडरने टाकलेल्या फ्रेम आणि आउटपुटला टाकलेल्या फ्रेम वेगवेगळ्या मोजते. पहिला आकडा वाढत असेल तर कोडेक उलगडायला वेळ पुरत नाही. दुसरा वाढत असेल तर चित्र ताणणं, रंग बदलणं, पडद्याशी जुळवणं हे काम जड जातंय. दोन्हींचे उपाय पूर्ण वेगळे आहेत.

माझ्याकडे दोन्ही आकडे वाढत होते.

पहिल्याचं कारण सोपं निघालं. एमपीव्हीत हार्डवेअर डिकोडिंग मुळात बंद असतं. ही उणीव नव्हे, जाणूनबुजून केलेली निवड आहे: सॉफ्टवेअर डिकोडिंग सर्वांत भरवशाचं, आणि ड्रायव्हरमधल्या चुका प्लेअरच्या माथी नकोत. कंट्रोल आणि एच दाबलं की ते प्लेअर बंद करेपर्यंत चालू राहतं. कायमचं हवं असेल तर 'एमपीव्ही डॉट कॉन्फ'मध्ये 'एचडब्ल्यूडेक=ऑटो-सेफ' ही ओळ घालायची. चित्रावर सॉफ्टवेअर फिल्टर लावायचे असतील तर 'ऑटो-सेफ'ऐवजी 'ऑटो-कॉपी', कारण मग उलगडलेली फ्रेम साध्या मेमरीत परत आणली जाते आणि फिल्टरला ती हाताळता येते.

ओळ घातली तरी 'व्हीएएपीआय' दिसेना. हार्डवेअर जमलं नाही की एमपीव्ही गाजावाजा न करता सॉफ्टवेअरवर परततो, म्हणून वरवर सगळं पूर्वीसारखंच वाटतं. 'व्हीएइन्फो' नावाचं छोटं पॅकेज आहे, ते टाकून त्याच नावाची आज्ञा चालवली तर 'व्हीएइनिशिअलाइझ फेल्ड' असं उत्तर आलं. ड्रायव्हरच नव्हता. डेबियन टाकताना जागा वाचवण्यासाठी शिफारस केलेली पॅकेजं वगळण्याचा पर्याय लावला होता, आणि 'व्हीए-ड्रायव्हर-ऑल' हे पॅकेज नेमकं शिफारशीच्याच यादीतून येतं. ते हाताने टाकलं. इंटेलसाठी त्यात दोन ड्रायव्हर येतात: पाचव्या पिढीपासून पुढच्या चिपसाठी 'आयएचडी', त्याआधीच्या चिपसाठी 'आय९६५'. चुकीचा उचलला जात असेल तर 'लिबव्हीए_ड्रायव्हर_नेम' हा चल (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल) त्या नावाने ठरवून देता येतो.

ड्रायव्हर असूनही तीच चूक येत असेल तर परवानगी पाहावी. 'डेव्ह'मधल्या 'डीआरआय' फोल्डरात 'रेंडरडी१२८' नावाची फाइल असते. पडद्यासमोर बसून लॉग इन केलेल्याला ती आपोआप उघडता येते. एसएसएचने दुसऱ्या यंत्रावरून आत आलेल्याला किंवा टीव्हीला जोडलेल्या छोट्या यंत्रावर सेवा म्हणून चालणाऱ्या प्लेअरला येत नाही. तो वापरकर्ता 'रेंडर' गटात घालायचा आणि लॉग आउट करून परत यायचं. गट बदलूनही फरक पडत नाही असं वाटतं ते लॉग आउट न केल्यामुळे.

आता 'व्हीएइन्फो'ची यादी नीट वाचायची. प्रत्येक ओळीत प्रोफाइल आणि त्यापुढे काम असतं. शेवटी 'व्हीएलडी' असेल तर उलगडणं, 'एनस्लाइस' असेल तर नवीन व्हिडिओ तयार करणं. कोडेकांपैकी माझ्या यादीत एच.२६४ होतं, 'एचईव्हीसीमेन' (एचईव्हीसी कोडेकचा ८ बिट प्रकार) होतं, 'एचईव्हीसीमेन१०' (त्याचाच १० बिट, म्हणजे रंगाच्या जास्त छटांचा प्रकार) नव्हतं. सहाव्या पिढीची चिप ८ बिट एचईव्हीसी उलगडते, १० बिट नाही. ते आणि व्हीपी९ कोडेक सातव्या पिढीपासून, एव्ही१ कोडेक अकराव्या पिढीपासून. हे सिलिकॉनमध्येच नाही, त्यामुळे कुठल्याही सेटिंगने येणार नाही. १० बिट एच.२६४ तर जवळपास कुठलीच चिप उलगडत नाही. फाइल कुठल्या प्रकारची आहे हे व्हीओच्या ओळीतच कळतं: सॉफ्टवेअरवर चालताना शेवटी '४२०पी१०' दिसलं की ती १० बिट.

म्हणून माझ्याकडे आता एच.२६४ आणि ८ बिट एचईव्हीसी चिपवर जातं, १० बिट एचईव्हीसी प्रोसेसरवर. १०८०पीपर्यंत चार थ्रेड ते पेलतात. १० बिट ४के या यंत्रावर लावूच नये. एव्ही१साठी व्हिडिओलॅनचा 'डाव्हवनडी' हा सॉफ्टवेअर डिकोडर एफएफएमपेगसोबतच येतो आणि तो इतका चांगला लिहिला आहे की जुन्या प्रोसेसरवरही १०८०पी बघता येतं.

राहिला दुसरा आकडा, आउटपुटचा. एमपीव्हीच्या ०.३७ आवृत्तीपासून चित्र ताणण्याचे मूळ पर्याय अधिक चांगल्या दर्जाचे केले आहेत. चित्र सुंदर दिसतं, पण जुन्या ग्राफिक्स चिपवर मोठ्या पडद्याला जोडलं की भार वाढतो. 'प्रोफाइल=फास्ट' ही एक ओळ घातली आणि आउटपुटच्या फ्रेम टाकणं थांबलं. डेबियन १३मध्ये ०.४० आहे, त्यामुळे हे लागू होतं. चार-पाच वर्षांपूर्वीचे सल्ले वाचून कॉन्फिगरेशन भरणाऱ्यांच्या हातून हे हमखास सुटतं, कारण तेव्हा याची गरजच नव्हती.

आता मराठी सबटायटल. माझ्या मते सर्वांत जास्त लक्ष इथे द्यायला हवं, कारण इंग्रजीतल्या मार्गदर्शनात याबद्दल जवळपास काही नसतं.

चौकोन दिसत असतील तर देवनागरी फॉन्ट नाही. किमान स्वरूपात टाकलेल्या डेबियनवर असं होतं. 'फॉन्ट्स-नोटो-कोअर' किंवा 'फॉन्ट्स-लोहित-देवा' टाकायचं, मग 'एफसी-लिस्ट'ला भाषा 'एमआर' देऊन यादी मागायची. तिथे नाव आलं म्हणजे फॉन्ट मराठीसाठी ओळखला गेला. एमपीव्ही 'व्ही' पर्यायाने चालवला तर टर्मिनलमध्ये 'ग्लिफ ०एक्स९२ई नॉट फाउंड' अशी ओळ दिसते. ०९२ई म्हणजे म. त्यानंतर दुसरा फॉन्ट निवडल्याचं दिसलं तर ठीक. निवडता आला नाही असं दिसलं तर फॉन्टच बसलेला नाही. पर्यायी फॉन्टवर भिस्त ठेवण्यापेक्षा 'सब-फॉन्ट'मध्ये 'नोटो सॅन्स देवनागरी' हे नाव अवतरण चिन्हांत स्पष्ट लिहावं, म्हणजे एकाच वाक्यात दोन जाडीची अक्षरं येत नाहीत.

अक्षरं दिसतात पण 'कि'मधली वेलांटी क-च्या नंतर जाते, जोडाक्षरं फुटून पाय मोडलेली दिसतात, तर फॉन्टला दोष देऊ नये. अक्षरांची जुळणी 'लिबअ‍ॅस' ही सबटायटल रेखाटणारी लायब्ररी करते आणि त्यासाठी हार्फबझ ही अक्षरं जोडणारी लायब्ररी लागते. एमपीव्हीत शेपरचा पर्याय असतो, त्याची मूळ किंमत 'कॉम्प्लेक्स'. वेग वाढवण्याच्या नावाखाली कुणाच्या तरी कॉन्फिगरेशनमधून 'सिंपल' उचललं असेल तर इंग्रजीला काही होत नाही, देवनागरी मात्र मोडते. ती ओळ काढून टाकावी.

रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा दिसत असेल तर 'फाइल' या आज्ञेला सबटायटलची फाइल द्यावी. 'यूटीएफ-८' आलं तर ठीक. 'यूटीएफ-१६' आलं तर 'आयकॉन्व्ह'ने यूटीएफ-८मध्ये बदलून घ्यावी. आणि मराठी सबटायटल असूनही साधं 'आस्की' (फक्त रोमन अक्षरं-चिन्हं) आलं, तर ती फाइल युनिकोडपूर्व काळातल्या एखाद्या फॉन्टसाठी टाइप केलेली आहे. तिथे प्लेअर काहीच करू शकत नाही; त्या विशिष्ट फॉन्टचा युनिकोड परिवर्तकच लागतो.

यापेक्षा बारीक, पण वाचताना सतत टोचणारी गोष्ट म्हणजे 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होणं. 'ऱ्य' दोन प्रकारे लिहिता येतं: नुक्ता असलेला ऱ, हलंत आणि य, किंवा साधा र, हलंत, अदृश्य जोडक चिन्ह आणि य. दुसऱ्या प्रकारात ते अदृश्य चिन्ह काही सबटायटल संपादक आणि फाइल स्वच्छ करणाऱ्या स्क्रिप्ट पुसून टाकतात, मग र-चा रफार होऊन य-च्या डोक्यावर बसतो. स्वतः सबटायटल करणाऱ्यांनी पहिलाच प्रकार वापरावा. त्यात पुसलं जाण्यासारखं काही नाही.

फाइलीचं नाव व्हिडिओच्या नावासारखंच ठेवून शेवटी 'डॉट एमआर डॉट एसआरटी' केलं की एमपीव्ही ती आपोआप उचलतो. नाव थोडं वेगळं असेल तर 'सब-ऑटो=फझी'. एमकेव्हीतल्या सबटायटलवर भाषेची खूण बहुधा तीन अक्षरी असते, म्हणून 'एसलँग'मध्ये 'एमएआर' आणि 'एमआर' दोन्ही लिहिले आहेत. वेळ मागेपुढे असेल तर झेड आणि शिफ्ट-झेड, प्रत्येक वेळी ०.१ सेकंद. व्हीएलसीत तेच काम जी आणि एच करतात, ५० मिलिसेकंदांच्या पायरीने. सबटायटल एएसएस प्रकारचे असतील तर त्यांचा स्वतःचा फॉन्ट ठरलेला असतो, तो बाजूला सारायला यू. डीव्हीडी आणि ब्लू-रेचे सबटायटल चित्ररूप असतात; त्यांना फॉन्टची सेटिंग लागूच होत नाही.

आवाजाबद्दल थोडकंच. टीव्हीला एचडीएमआयने जोडल्यावर आवाज लॅपटॉपमधूनच येत असेल तर 'पाव्ह्यूकंट्रोल'च्या कॉन्फिगरेशन पानावर एचडीएमआयचा प्रोफाइल निवडायचा. ब्लूटूथ हेडफोनवर आवाज मागे पडत असेल तर कंट्रोल आणि वजा चिन्ह; वजा किंमत चित्राला थांबवते.

शेवटी चकत्या. डीव्हीडीसाठी 'कॉन्ट्रिब' रेपॉझिटरी चालू करून 'लिबडीव्हीडी-पीकेजी' टाकायचं आणि त्यानंतर 'डीपीकेजी-रीकॉन्फिगर' त्याच नावावर चालवायचं. ही दुसरी पायरी विसरली तर 'लिबडीव्हीडीसीएसएस' ही डीव्हीडीचं कुलूप उघडणारी लायब्ररी तयारच होत नाही, कारण ती तिथेच उतरवून घडवली जाते. डीव्हीडीसाठी जगाचे विभाग पाडलेले आहेत; भारत विभाग ५मध्ये येतो. ड्राइव्हचा विभाग 'रीजनसेट'ने बदलता येतो, पण एकूण ५ वेळाच. म्हणून सहज म्हणून बदलू नये. हलत्या माणसांच्या कडांना फणीसारखे दाते दिसले तर चित्र इंटरलेस्ड (ओळी आलटून-पालटून साठवलेलं) आहे. दोन्ही प्लेअरमध्ये डी दाबायचं.

मराठी नाटकं मात्र कितीतरी घरांत व्हीसीडीवर पडून आहेत. ती चकती माउंट करून 'एव्हीसेक०१ डॉट डॅट' कॉपी करायला गेलं तर लिनक्सवर वाचनाची चूक येते. चकती खराब नसते. व्हिडिओचे सेक्टर वेगळ्या घडणीचे असतात आणि साधी फाइल प्रणाली ते वाचत नाही. व्हीएलसीत 'व्हीसीडी' हा पत्ता देऊन ती थेट चालते. जपून ठेवायची तर 'व्हीसीडीइमेजर' पॅकेजमधलं 'व्हीसीडीएक्सरिप' वापरावं, त्यातून सरळ एमपीजी फाइल मिळते. ते चित्र फक्त ३५२ बाय २८८ असतं. एवढ्या लहान चित्राचा भार जुन्या चिपलाही होत नाही, म्हणून या फाइलींसाठी मी आज्ञेतच 'प्रोफाइल=हाय-क्वालिटी' देतो. मोठ्या पडद्यावर चेहऱ्यांच्या कडा त्याने बऱ्याच मऊ दिसतात.