घड्याळात एक वाजला

आमच्या गाडीच्या डॅशबोर्डवर काडेपेटीएवढं डिजिटल घड्याळ आहे. हिरवे आकडे, तेही आता जरा फिके. गाडी २००३ सालची, एमएच शून्य नऊ, म्हणजे कोल्हापूरची. पंधरा वर्षांची नोंदणी संपली तेव्हा पर्यावरण कर भरून पाच वर्षं वाढवून घेतली, ती संपल्यावर पुन्हा पाच. आमचे मेव्हणे दर दिवाळीला येतात, करंजी खातात आणि गाडी काढून टाकायला सांगतात. करंजी मात्र दोनदा घेतात.

गेल्या पावसाळ्यात या घड्याळाला खोड लागली. एखाद्या सकाळी किल्ली फिरवावी तर एक वाजलेला. बरोब्बर एक. त्याच दिवशी रेडिओही लावून ठेवलेली स्टेशनं विसरलेला असायचा. मी बटणं दाबून वेळ लावायचो, आणि मग तीन-चार दिवस दोघंही शहाण्यासारखे वागायचे.

बॅटरीवाल्यानं ऐकता ऐकताच निदान केलं. इंजिन उठताना स्टार्टर एवढा करंट ओढतो की बॅटरी जुनी असेल तर व्होल्टेज दहाच्या खाली येतं आणि घड्याळासारख्या नाजूक वस्तूला भोवळ येते. पटण्यासारखं होतं. बॅटरीही चार वर्षांची झालेली. नवी बसवली, खिसा हलका झाला. पुढच्याच बुधवारी घड्याळात एक.

मग उद्यमनगरातल्या वायरिंगच्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी मीटर लावला, वायरी जोडणारे कपलर हलवून पाहिले, फ्यूज काढून उजेडात धरला. फ्यूज निळा, पंधरा अँपिअरचा, आतली तार शाबूत. अर्धा तास त्यांनी गाडीला गदागदा हलवलं, घड्याळ आपलं एकेक मिनिट मोजत पुढे जात राहिलं. "काय बी न्हाई ओ साहेब गाडीत," ते म्हणाले, आणि पैसे घेतले नाहीत. हे जास्त लागलं. पैसे घेतले असते तर निदान काहीतरी बिघडलेलं आहे असं तरी वाटलं असतं.

त्या दिवसापासून मी नोंद ठेवायला लागलो. आमच्याकडे भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाचे खाडे लिहितात, त्याच चौकोनात मी 'घ' लिहू लागलो. 'घ' म्हणजे घड्याळ. बायकोनं विचारलं, "घ म्हणजे घोळ का?"

आणखी एक केलं, ते म्हणजे वेळ दुरुस्त करायचं थांबवलं. वीज तुटली की हे घड्याळ एकपासून सुरू होतं. म्हणजे एक वाजून बावीस मिनिटं दिसली, तर बावीस मिनिटांपूर्वी वीज तुटली होती. चुकीची वेळ दाखवणारं घड्याळ चोरीची वेळ मात्र अचूक सांगत होतं, आणि मी मूर्खासारखा रोज तो पुरावा पुसत होतो. ऑफिसला पोचायला मला बावीस-तेवीस मिनिटं लागतात. 'घ'च्या दिवशी ऑफिसच्या दारात घड्याळ हमखास एक-बावीस नाहीतर एक-तेवीस दाखवायचं. रात्री काही होत नव्हतं, रस्त्यातल्या खड्ड्यातही नाही. जे व्हायचं ते निघतानाच.

मग एका बुधवारी आभाळ इतकं भरून आलं होतं की सकाळी नऊला दिवेलागण झाल्यासारखं वाटावं. दार उघडलं, छताचा दिवा लागला. मी आत बसलो आणि दिवा मिचकला. एकदाच. किल्ली अजून हातात होती. इंजिन न उठवता किल्ली नुसती अर्धी फिरवली. एक. बॅटरी बिचारी निर्दोष होती, तेही तिला बदलून झाल्यावर कळलं.

छताचा दिवा, घड्याळ आणि रेडिओची स्मरणशक्ती ही तिघं किल्ली काढल्यावरही जागी असतात, म्हणून आमच्या गाडीत ती एकाच फ्यूजवर टांगलेली आहेत. तिघांना एकदम झटका बसतो म्हणजे दोष तिघांच्या वर कुठेतरी. पण दार उघडणं आणि किल्ली फिरवणं यांच्या मध्ये मी करतो काय? बसतो. बस्स.

महिनाअखेरीला दुधाचा हिशेब करताना बायको कॅलेंडरासमोर उभी होती. तिचं माहेर इचलकरंजीचं. आईकडे ती मंगळवारी आणि शनिवारी गाडी घेऊन जाते, तिथे तिनं 'इ' लिहिलेला असतो. ती म्हणाली, "अहो, तुमचा घ माझ्या इ च्या दुसऱ्या दिवशीच येतो." खरंच, बुधवार आणि रविवार. मी ताबडतोब तिच्या गाडी चालवण्यावर घसरलो. ती शांतपणे म्हणाली, "माझ्या हातात असताना एकदाही एक वाजला नाही."

उंचीचा फरक हा आमच्या लग्नाच्या फोटोपासूनचा विषय आहे. ती सीट पुढे ओढून बसते. दुसऱ्या दिवशी मी तशाच पुढे आलेल्या सीटवर अंग मुडपून शिरतो, मग चाचपडत खालचा दांडा शोधून सीट मागे ढकलतो. शिरताना उजवा गुडघा डॅशबोर्डच्या खालच्या प्लॅस्टिकच्या झाकणावर आपटतो. झाकणाच्या आत फ्यूज बॉक्स.

त्याच संध्याकाळी सीट पुढे घेऊन, दार उघडं ठेवून मी मुद्दाम गुडघा आपटला. दिवा मिचकला. पुन्हा आपटला. पुन्हा मिचकला. समोरच्या फ्लॅटमधले आजोबा गॅलरीतून बघत होते, त्यांना मी हात केला. मिस्त्रींकडे मी सीट मागे ढकललेली गाडी नेली होती. त्यांना काय दिसणार?

दुसऱ्यांदा गेलो ते सपत्नीक. मिस्त्रींनी आधी बॅटरीची निगेटिव्ह सोडली. मग तोच शाबूत फ्यूज काढून एकेका खाचेत घालून पाहिला. बाकी सगळीकडे तो दम लावून बसत होता, या एकीत मात्र सैल बांगडीसारखा आतबाहेर. फ्यूज चांगला, पण त्याचा पाय धरणारी पितळी चिमटी फाकलेली. सैल सांध्यात विजेला होणारा विरोध वाढतो, विरोधानं उष्णता. भोवतीचं प्लॅस्टिक करपट तपकिरी झालं होतं. त्यांनी दाभणानं चिमटीचे दोन्ही ओठ जवळ आणले, वाकून आत पाहिलं आणि विचारलं, "हितं कुणी वायर गुंडाळून फ्यूज ठोकलावता?"

डॅशबोर्डवर आमचा छोटा गणपती आहे. त्याच्यामागे तांबडा दिवा होता, २००७ साली बसवलेला. गाडी बंद असली तरी तो तेवत राहावा म्हणून एका हौशी माणसानं वायरचं टोक सोलून फ्यूजच्या पायाला गुंडाळलं होतं आणि फ्यूज अंगठ्यानं रेटून बसवला होता. दिवा दोन वर्षांत गेला, वायर काढून टाकली, फाकलेली चिमटी राहिली.

"आधीच्या कुणा मिस्त्रीनं केलं असेल," मी म्हणालो.

"मिस्त्री न्हाई करत असलं," ते म्हणाले.

बायको काही बोलली नाही. ती गणपतीकडे बघत होती.

पन्नास रुपये झाले. पुढच्या रविवारी सीट अर्थातच पुढे होती आणि गुडघा अर्थातच आपटला. घड्याळात नऊ वाजून सात मिनिटं झाली होती. गुडघ्याला मात्र सोमवारपर्यंत तेल चोळावं लागलं.