गॅस बंद केला का? – आमची वाटचाल

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे आजार असला तरी रोजची कामं आपली आपण जमावीत ह्यासाठी मदत करणारी. मार्च 2020 पर्यंत आमचं काम म्हणजे नागपूरच्या धरमपेठेतली एक खोली, एक टेबल आणि विसरायला लागलेले सात-आठ काका-काकू. लॉकडाऊन लागला, सगळे घरात बंद, आणि ह्यांचं तर बाहेर पडणं, चार माणसांशी बोलणंच सुटलं, म्हणून स्मरणशक्तीचा सराव व्हिडिओ कॉलवर सुरू केला. ह्याचीच पुढे फर्म होईल असं तेव्हा डोक्यातही नव्हतं.

आमच्याकडे येतात त्यांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, नसतो. डॉक्टर ह्याला एमसीआय म्हणतात, म्हणजे विसरणं वयाच्या मानानं जास्त, घरच्यांच्याही लक्षात येतं, पण स्वयंपाक, बँक, औषधं सगळं अजून आपलं आपण चाललेलं असतं. काहींना पुढे डिमेन्शिया होतो, काहींचं आहे तिथेच थांबतं, काही तर परत नॉर्मलला येतात. म्हणून आधी न्यूरॉलॉजिस्टला दाखवूनच या, हे आम्ही सगळ्यांना सांगतो. बी12 कमी असलं, थायरॉइड बिघडला, मन उदास असलं तरी माणूस विसरतो, आणि ते न बघता मेंदूचे व्यायाम देत बसणं चूकच.

पहिलं वर्ष आमचं चुकलंच. रेडिमेड सॉफ्टवेअर घेतलं, पत्ते जुळवा, आकडे लक्षात ठेवा, स्कोअर वाढले, आम्ही खूश. मग एका काकूंच्या सूनबाई म्हणाल्या, "ताई, गेममध्ये आई पुढे जाऊन राहिल्या, पण गॅस तर रोज चालूच राहून राहिला." त्या रात्री मला झोप नाही आली. अमेरिकेतल्या अ‍ॅक्टिव्ह नावाच्या अभ्यासातही 2,832 ज्येष्ठांवर हेच दिसलं होतं, 2002 मध्ये छापून आलंय, की ज्याचा सराव करता तेवढंच सुधारतं. मी ते आधीच वाचायला हवं होतं.

सगळं नव्यानं बसवलं. आता चार जणांचा ग्रुप, 45 मिनिटं, आणि पहिला प्रश्न, घरात नेमकं कुठे अडतं? काकूंसाठी एकच वाक्य ठरवलं, गॅस बंद, नॉब बघा, कॅलेंडरवर खूण करा. ते एक मिनिटानं विचारायचं, मग दोन, मग चार, मग आठ. चुकलं की लगेच उत्तर सांगायचं आणि मागच्या जमलेल्या अंतरावर परत यायचं. अंदाज करायला लावायचं नाही, कारण चुकीचं उत्तरही डोक्यात बसतं. लक्ष टिकवायचा सराव पण घरातलाच, कुकरच्या शिट्ट्यांचा आवाज लावून बर्डीच्या बाजारातल्या भाजीचा हिशोब करायचा.

रेल्वेतून रिटायर झालेल्या एका काकांची स्मरणशक्ती कमजोर आहे असं तीन आठवडे आम्ही लिहीत होतो, आणि त्यांना मोबाइलवर शब्दच नीट ऐकू येत नव्हते! फार वाईट वाटलं. तेव्हापासून आधी कान तपासून या, हेडफोन लावा, आणि नातवंडांना सांगतो, मागून उत्तरं सांगू नका रे बाप्पा.

एकानं जाहिरातीत 'डिमेन्शिया थांबवा' लिहा म्हटलं. नाही लिहिलं, लिहिणारही नाही, तसं कुणीच खात्रीनं सांगू शकत नाही. पेशंट हळूहळूच वाढले, आता काटोल, उमरेडहूनही लोक जोडलेत, आणि मे महिन्यात 45 डिग्रीत कुणाला घराबाहेर पडावं लागत नाही ह्याचं मला खरंच समाधान आहे. लाइट गेली की मात्र सेशन फोनवर घ्यावं लागतं.

गेल्या महिन्यात सूनबाईंनी कॅलेंडरचा फोटो पाठवला. दोन चौकटी रिकाम्या होत्या, दोन्ही रविवार, घरी पाहुणे होते म्हणे. आता पाहुणे आले असताना खूण कशी लक्षात ठेवायची, त्यावर काकूंसोबत काम सुरू केलंय.