खिशातलं कार्ड

ग्रंथालयाच्या पुस्तकात शेवटच्या पुठ्ठ्याला आतून एक कागदी खिसा चिकटवलेला असे आणि त्यात एक जाडसर कार्ड. बारकोड आले, कार्डं गेली. जुन्या पुस्तकांत रिकामा खिसा तेवढा उरला. शुंजी इवाई यांच्या ‘लव्ह लेटर’ (१९९५) या जपानी चित्रपटाचं नाव निघालं की आधी बर्फ आठवतो, डोंगराकडे तोंड करून ओरडणारी नायिका आठवते. पण कथेची सगळी भिस्त आहे ती या कार्डावर.

कोबेच्या हिरोकोचा होणारा नवरा इत्सुकी फुजिई डोंगरात अपघाताने गेलाय. चित्रपट सुरू होतो त्याच्या तिसऱ्या स्मृतिदिनी. तिसरा म्हणायचा, पण वर्षं झालीत दोनच. मृत्यूचा दिवस पहिला धरायची तिथली रीत. त्याच्या शाळेच्या जुन्या अल्बममधून ती ओतारू या गावचा त्याचा पत्ता उतरवून घेते आणि गेलेल्या इत्सुकीच्याच नावाने पत्र धाडते. मजकूर म्हणजे ‘इकडील क्षेम, तिकडील कळवावे’ एवढाच. आणि उत्तर येतं! वर्गात इत्सुकी फुजिई दोन होते, एक मुलगा आणि एक मुलगी. हिरोकोने उतरवला तो मुलीचा पत्ता. हिरोको आणि ही इत्सुकी, दोघींचं काम मिहो नाकायामा यांनीच केलंय. सुरुवातीला गोंधळ उडतो, तेव्हा सर्दी-खोकल्याने बेजार दिसेल ती ओतारूची, हे ध्यानात ठेवावं.

शाळेच्या त्या दिवसांत नावं एक म्हणून वर्ग चिडवतो, दोघांना मिळून ग्रंथालयाच्या कामावर निवडून देतो. मुलगा काम काडीचं करत नाही. कुणी हात न लावलेली पुस्तकं काढतो आणि कोऱ्या कार्डावर पहिलं नाव आपलं लिहितो.

इथे कार्डाची पद्धत कळायला हवी. पुस्तक नेताना कार्डावर नाव लिहायचं, कार्ड ग्रंथालयात ठेवायचं. पुस्तक परत आलं की कार्ड पुन्हा खिशात. म्हणजे आधीच्या वाचकांची नावं पुढच्याला आपसूक दिसणार. ही नेवार्क पद्धत. आपल्याकडच्या अनेक कॉलेजांत चालली ती ब्राऊन पद्धत. तीत कार्ड वाचकाच्या पाकीटवजा तिकिटात सरकवतात आणि पुस्तक परत आलं की वेगळं काढतात, नाव मागे राहत नाही. ओतारूच्या शाळेत ब्राऊन पद्धत असती तर ही गोष्ट घडलीच नसती.

मुलाची निवडही हुशारीची. खपणाऱ्या पुस्तकाचं कार्ड भराभर भरतं आणि बदललं जातं. न वाचलेल्या पुस्तकाचं कार्ड मात्र तसंच पडून राहतं. त्याने शेवटी हाती घेतलं ते फ्रेंच लेखक मार्सेल प्रूस्तच्या सात भागांच्या कादंबरीचं शेवटचं पुस्तक. तिथवर पोचतो कोण? पुढे कित्येक वर्षांनी त्या शाळेतल्या मुलींना ती कार्डं सापडतात आणि त्यांची खात्रीच पटते, की मुलाचं प्रेम होतं, म्हणून तो इत्सुकीचं, म्हणजे वर्गातल्या त्या मुलीचं, नाव लिहीत सुटला. इत्सुकी म्हणते, ते त्याचंच नाव. कार्डावर लिंगाचा रकाना नसतो, त्यामुळे वाद तिथेच राहतो.

त्याच वर्षी आलेल्या ‘व्हिस्पर ऑफ द हार्ट’ या ॲनिमेशनपटातही नायिकेला एका मुलाचं नाव कार्डांवरच पुन्हा पुन्हा भेटतं, आणि तिथे तिच्या वडिलांच्या ग्रंथालयात बारकोड येऊ घातलेत. जपानमधल्या ग्रंथपालांना मात्र असल्या प्रेमाचं फारसं कौतुक नसावं. जपान ग्रंथालय संघाने १९७९ साली सुधारलेल्या घोषणापत्रात वाचकाचं गुपित राखणं हे ग्रंथालयाचं कर्तव्य ठरवलंय. कोण काय वाचतं ते तिसऱ्याला कळता कामा नये. बरोबरच आहे त्यांचं.

मोठेपणी इत्सुकी स्वतः ग्रंथालयात काम करते, हा इवाईंचा खट्याळपणा. शेवटी शाळेच्या मुली तेच प्रूस्तचं पुस्तक घेऊन तिच्या दारात येतात आणि कार्ड उलटून बघायला सांगतात. मागे तिचं चित्र आहे, त्या मुलाने काढलेलं. मुलींसमोर चेहरा सांभाळत ती ते कार्ड हळूच खिशात टाकायला जाते, पण अंगावरच्या आवडत्या एप्रनला खिसाच नाही.