पेशींचं म्हातारपण निळ्या रंगात पकडताना : माझा अनुभव

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या एचसीटी-116 पेशींत पी53 (डीएनएवर पहारा देणारं प्रथिन) शाबूत असतो, एचटी-29 मध्ये बिघडलेला. सेनेसन्स, म्हणजे पेशीचं म्हातारपण, पाहायला ही जोडी म्हणूनच घेतली. म्हाताऱ्या पेशी एका रंगद्रावणात निळ्या होतात, त्याच मोजायच्या. डॉक्सोरुबिसिन या कर्करोगाच्या औषधानं डीएनए तुटला की पी53 पी21 ला उठवतो, पी21 विभाजन पुढं ढकलणाऱ्या सीडीके2 या एन्झाइमला अडवतो, आरबी हा विभाजनाचा ब्रेक लागलेलाच राहतो आणि विभाजन थांबतं. एचसीटी-116 मध्ये पी16 हा दुसरा ब्रेक मुळातच निकामी, त्यामुळे तिथं भार पी53-पी21 वरच.

छत्रपती संभाजीनगरला बसून हे करायचं तर सुरुवात प्रवासापासून. पुण्याहून जिवंत पेशींचा फ्लास्क मे महिन्यात दिवसा मागवू नये. नगरमार्गे येणाऱ्या गाडीच्या डिकीत 37 अंशांची मर्यादा कधी ओलांडली जाते ते कळतही नाही. रात्रीची गाडी बरी.

100 नॅनोमोलर औषध 24 तास दिलं, मग धुऊन साध्या मीडियममध्ये पाच दिवस ठेवलं. माझ्या पहिल्या प्लेटमध्ये कंट्रोलही निळं आलं! औषध न दिलेल्या पेशी पाच दिवसांत वेल (प्लेटमधला खळगा) खच्चून भरतात आणि दाटीनंच निळ्या होतात. आता कंट्रोल मी रंगवण्याच्या दोनच दिवस आधी विरळ पेरते.

पेशी फिक्स करायला (आहेत तशा पक्क्या करायला) 2 टक्के फॉर्माल्डिहाइड आणि 0.2 टक्के ग्लुटारॅल्डिहाइड, पाच मिनिटं, जास्त नाही, एन्झाइम मरतं. 10 मिलि रंगद्रावणात 0.2 मोलर सायट्रेट-फॉस्फेट बफर 2 मिलि, 100 मिलिमोलर पोटॅशियम फेरोसायनाइड आणि फेरिसायनाइड प्रत्येकी 0.5 मिलि, 5 मोलर मीठ 0.3 मिलि, 1 मोलर मॅग्नेशियम क्लोराइड 20 मायक्रोलिटर, 20 मिग्रॅ/मिलि एक्स-गॅल (हे तुटलं की निळा रंग येतो) 0.5 मिलि, उरलेलं पाणी.

खरी मेख पीएचमध्ये आहे. एक्स-गॅल तोडणारं बीटा-गॅलॅक्टोसिडेज हे एन्झाइम लायसोसोम या पेशीतल्या पचनाच्या पिशव्यांत असतं; ते 4 ते 4.5 ला जोरात चालतं, म्हणजे तिथं कुठलीही पेशी निळी होते. 6.0 ला फक्त ज्यांच्यात लायसोसोम वाढलेत त्याच दिसतात. पीएच मीटर त्याच दिवशी 4 आणि 7 च्या बफरवर लावून घ्यावा, 5.5 असेल तर कंट्रोल आणि औषध दिलेल्यांत फरकच उरत नाही. आणि प्लेट सीओ2 इन्क्युबेटरमध्ये ठेवायची नाही, सीओ2 पीएच खाली ओढतो. साधा 37 अंशांचा इन्क्युबेटर, 12 ते 16 तास.

पण त्या साध्या इन्क्युबेटरमध्ये ओलावा नसतो आणि आपल्याकडचा उन्हाळा कोरडा ठाक. कडेनं पॅराफिल्म गुंडाळली नाही तर द्रावण आटतं, एक्स-गॅलचे खडे पडतात आणि नवख्याला तेच निळे वाटतात. मध्ये वीज गेली की तेवढे तास वाढवून भागत नाही. कंट्रोलही त्याच प्लेटमध्ये असेल तरच तुलना टिकते.

प्रत्येक वेलमध्ये किमान 200 पेशी मोजाव्यात. निळ्यासोबत पेशी पसरट, मोठी दिसते का तेही बघावं आणि पी21 चा वेस्टर्न (प्रथिन किती आहे ते पाहायची चाचणी) करावाच. एचटी-29 मध्ये निळं कमी येतं, पण शून्य धरून चालू नये. पी53 शिवायही काही पेशी थांबतात.

फोटो त्याच दिवशी काढावेत. जमलं नाही तर 70 टक्के ग्लिसेरॉल घालून प्लेट 4 अंशांवर ठेवायची.