अर्ध्या बोटीचा फेरफार

शनिवार

आजींच्या बोटीवर शेवटी नंबर सापडला! पुढच्या टोकाकडे, हुलच्या (बोटीच्या सांगाड्याच्या) वरच्या काठाला, रंगाच्या इतक्या थरांखाली की तिथे पट्टी आहे हेच कळत नव्हतं, नुसता एक उंचवटा दिसायचा. त्या स्क्रेपरने खरवडत होत्या आणि मी मोबाईलचा टॉर्च धरून बसले होते. आधी हिरवा निघाला, मग लाल, मग कसलातरी करडा प्रायमर, आणि त्याच्याखाली पिवळ्याचा पापुद्रा, त्याला चिकटून निळा. तो पिवळा-निळा दिसल्यावर आजी थांबल्याच, कारण तो सरकारी रंग. १ जानेवारी १९४८ ला इथले, म्हणजे ब्रिटनमधले, बहुतेक सगळे कॅनॉल सरकारजमा झाले आणि त्यांच्याबरोबर ग्रँड युनियन कॅनॉलच्या कंपनीच्या मालवाहू बोटीही, आणि मग त्या सगळ्यांना हा रंग फासला गेला. म्हणजे बोट बहुधा त्याच्या आधीची.

(आजींचं नाव, बोटीचं नाव काहीच लिहीत नाहीये. हिलमॉर्टनच्या लॉकच्या (बोट वरच्या-खालच्या पातळीला नेणारा दारांचा हौद) अलीकडे कुठेतरी, एवढंच. राहतं घर आहे ते त्यांचं, उगाच लोक बघायला यायला नकोत.)

त्यांनी ही बोट घेतली तेव्हा विकणाऱ्याने "जुनी ग्रँड युनियनची आहे" एवढंच सांगितलेलं. मूळ नाव काय, कुणी बांधली, काही नाही. मधे तीनदा तरी नाव बदललंय म्हणे. आणि लांबी ४५ फूट, जी मुळात असूच शकत नाही, कारण मालवाहू नॅरोबोट (अरुंद कॅनॉलची बोट) म्हणजे साधारण ७० फुटांच्या वरच, रुंदी ७ फुटांच्या आत. ब्रिंडली या इंजिनिअरसाहेबाने १७६० च्या दशकात ट्रेंट अँड मर्सी कॅनॉल खोदायला घेतला तेव्हा खर्च आणि पाणी वाचवायला लॉक ७ फुटी ठेवले आणि पुढे मिडलँड्समधल्या सगळ्या बोटी त्या मापात अडकल्या. मग ही ४५ फुटी कशी? कापलेली. ते आजींनाही माहीत होतं. उरलेले सव्वीस-सत्तावीस फूट कुठे गेले ते मात्र नाही.

मंगळवार

फोनवर आईला हे सांगितलं तर म्हणे, "अगं नावेचा कसला सातबारा काढत बसलीयेस, तिथे थंडी किती आहे ते सांग." बाबा मात्र लगेच सरसावले. तलाठी होते ना, रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी कागद म्हटलं की डोळे चमकतात. मला म्हणाले, "नाव काय बघतेस, नाव कुणीही बदलतं. नंबर बघ. गट नंबर मिळाला की मागचे फेरफार आपोआप मिळतात."

आणि अगदी तसंच आहे हे सगळं. त्या पट्टीवरचा नंबर म्हणजे गेजिंगचा. टोल टनावर आणि मैलावर असायचा, पण कोळशाने भरलेली बोट तराजूत कोण टाकणार? म्हणून बोट नवीन असतानाच एकदा रिकामी मोजायची, मग ठरलेली वजनं टाकत टाकत प्रत्येक टनाला काठ पाण्याच्या किती इंच वर राहतो ते लिहून ठेवायचं. पुढे आयुष्यभर टोलवाला येणार, चार ठिकाणी काठी लावून कोरडे इंच मोजणार, सरासरी काढणार, त्या नंबरचं पान उघडणार, एवढे इंच म्हणजे एवढे टन, काढा पैसे. साधारण एका टनाला एक इंच बोट खाली जाते. मी उगाच गणित करून बघितलं, ७० बाय ७ चा हिशोब बरोबर येतो.

बाबांना हे इतकं आवडलं की दहा मिनिटं तेच. "म्हणजे बोटवाला फसवू शकत नव्हता?" म्हटलं, फसवायचे की, मोजताना घरातली माणसं दुसऱ्या बाजूला उभी करायची वगैरे करतच असतील. "मग ठीक आहे," म्हणाले. आमच्याकडे कॅनॉल म्हटला की पाटाचं पाणी, आवर्तन, पाटकरी आणि रात्री दोन वाजता दारं धरायला जाणं. कॅनॉलवर बोट चालते आणि तिच्यात माणसं जन्माला येतात हे त्यांना अजून पटत नाही.

गुरुवार

गेजिंगची बरीच रजिस्टरं एल्स्मिअर पोर्टच्या वॉटरवेज म्युझियमच्या अर्काइव्हमध्ये आहेत. आजींनी ईमेल केला होता, उत्तर आलं. नंबर जुळला. मूळ नाव एका गावाचं. म्हणजे टाउन क्लास! लांबी ७१ फूट ६ इंच.

हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १९३० च्या दशकात ग्रँड युनियन कॅनॉल कॅरिइंग कंपनीने धडाक्यात नव्या बोटी बांधून घेतल्या. आधी तारे-नक्षत्रांची नावं दिलेल्या, त्या स्टार क्लास, मग जरा खोल पोटाच्या, गावांची नावं दिलेल्या, त्या टाउन क्लास. एक इंजिनवाली मोटर आणि तिच्या मागे ओढायची बिनइंजिनाची बटी, अशी जोडी, मिळून पन्नासेक टन माल. काही नॉर्थविचला यारवूडने बांधल्या, काही लंडनला नॉर्थ वुलिचला हार्लंड अँड वुल्फने. हो, तेच टायटॅनिकवाले. स्टोक ब्रुअर्नच्या म्युझियमची 'स्कल्प्टर' आहे ना, ती स्टार क्लासमधली, नॉर्थविचची. बोटी झाल्या भरपूर पण चालवायला कुटुंबंच मिळेनात, मग कित्येक जोड्या नव्या कोऱ्या नुसत्या बांधून ठेवलेल्या. युद्धात तर शेवटी शहरातल्या मुलींना ट्रेनिंग देऊन याच बोटींवर पाठवलं, कॅनॉलचा ओ की ठो माहीत नसलेल्या मुली, लंडनहून माल भरून बर्मिंगहॅमला आणि येताना कॉव्हेंट्रीकडचा कोळसा.

आज मी स्वतः दुसऱ्या रजिस्टरच्या मागे होते, ते आरोग्य खात्याचं. १८७७ चा कॅनॉल बोट्स ॲक्ट, कोलव्हिलच्या जॉर्ज स्मिथ नावाच्या माणसाने बोटीवरच्या पोरांच्या हालांबद्दल इतका आरडाओरडा केला की पार्लमेंटला करावाच लागला. ज्या बोटीवर माणसं राहतात ती नगरपालिकेत नोंदवायची, नोंदणीचा नंबर केबिनवर रंगवायचा, आणि आत किती जण राहू शकतात ते लिहायचं. मोठ्या माणसाला ६० घनफूट हवा, १२ वर्षांखालच्या पोराला ४०. ६० घनफूट म्हणजे ४ फूट बाय ४ फूट बाय पावणेचार फूट. त्यात तुम्ही.

पान उघडलं तर आपल्या बोटीची ओळ होती. कंपनीचं नाव, बोटीचं नाव, मोटर, केबिन एक, मागच्या बाजूला, एवढी मोठी माणसं किंवा एवढी मोठी आणि एवढी मुलं. इन्स्पेक्टरचं अक्षर तिरकं, सुंदर, आणि शेरा एका शब्दाचा. चालवणारं कुटुंब कोण, त्यांचं नाव नाही. मालक तेवढा लिहिलाय, आणि मालक कंपनी.

मला याचा जरा रागच आला खरं सांगायचं तर. या बोटींवर पिढ्यान्‌पिढ्या माणसं जगली, बहुतेकांना लिहितावाचता येत नव्हतं कारण बोट थांबली तर शाळा, आणि बोट थांबली तर पैसे नाहीत. त्यांच्याबद्दल जे काही उरलंय ते टोल घेणाऱ्याने लिहिलेलं, नाहीतर गर्दी किती झाली ते मोजणाऱ्याने. बोटीचा प्रत्येक इंच कागदावर आहे, तिच्या काठावर उभं राहून सुकाणू धरणाऱ्या बाईचं नाव नाही. बाबा म्हणाले कूळ कायद्याच्या आधीचे उतारे बघ, कसणाऱ्याचं नाव कुठे असायचं. ते आहेच म्हणा.

चर्चच्या नोंदी तेवढ्या वेगळ्या. तिथे बाप्तिस्मा, लग्न, दफन, धंदा बोटमन, नावासकट. ब्रॉन्स्टनचं ऑल सेंट्स त्यासाठी प्रसिद्ध आहे, लांबून कॅनॉलवरून त्याचं टोक दिसतं.

रविवार

ब्रॉन्स्टनला गेलो, आजी, मी आणि नवरा (त्याला पबचं आमिष). ऑक्सफर्ड कॅनॉल आणि ग्रँड युनियन तिथे मिळतात. जुन्या बोटींच्या वेडाने झपाटलेली माणसं तिथे कधीही भेटतात, जूनमध्ये तर त्यांची जत्राच भरते. 'रेमंड' तिथलीच, १९५८ साली बांधलेली लाकडी बटी, त्या प्रकारातली शेवटची मानतात. ॲथरस्टोनचा कोळसा लंडनमधल्या साउथॉलच्या जॅम फॅक्टरीला नेणाऱ्या बोटींमधली ती, आणि ते काम ऑक्टोबर १९७० मध्ये बंद पडलं तेव्हा लांब पल्ल्याची नेहमीची कोळशाची वाहतूक संपली. साउथॉल म्हणजे आपण समोसे, जिलबी आणि लग्नाचे कपडे घ्यायला जातो तेच. फॅक्टरीच्या मागच्या बाजूला कॅनॉल होता हे आपल्या डोक्यातही येत नाही.

तिथे एका काकांना मूळ नाव सांगितलं आणि ते पटकन म्हणाले, "पण ती तर मी बघितलीये, उत्तरेला आहे, ५७ फुटी." ५७ का तर तिकडे काल्डर अँड हेबलची लॉक आखूड, त्यात बसावी म्हणून. म्हणजे आमचे हरवलेले फूट! कुणीतरी मागचा भाग घेतला, मूळ केबिन, इंजिनरूम आणि दोन सिलिंडरच्या नॅशनल डिझेल इंजिनासकट, आणि त्याला नवं पुढचं टोक जोडलं. पुढचा भाग आजींकडे, त्याला नवं मागचं टोक. एका बोटीच्या दोन बोटी, अशी पुष्कळ उदाहरणं आहेत म्हणे. १९६२-६३ च्या हिवाळ्यात कॅनॉल आठवडेच्या आठवडे गोठले आणि त्यानंतर सरकारी बोटवाहतूक गुंडाळलीच, मग बोटी भंगाराच्या भावात निघाल्या. त्यातल्या त्यात ही नशीबवान. त्याच्याही आधी नको असलेल्या कित्येक बोटी हेअरफिल्डला खडीच्या खाणींच्या तळ्यांत मुद्दाम बुडवल्यात.

येताना गाडीत आजी गप्प. मग म्हणाल्या, मूळ नाव मी रंगवून घेणार होते, पेंटरशी बोलणंही झालंय. आता त्या ५७ फुटीवर तेच नाव आधीपासून लिहिलेलं आहे, फोटोत दिसतंय, कंपनीच्या फ्लीट नंबरसकट. त्यांचं म्हणणं, गेजिंगची पट्टी माझ्याकडे आहे, कागदोपत्री बोट माझी. माल माझ्या भागात भरला जायचा.

नवरा म्हणाला दोघांनीही लिहा, काय बिघडतं. त्यावर दोघी त्याच्यावर तुटून पडलो.

मला विचाराल तर नाव मागच्या भागाचं. पट्टी टोलवाल्याची होती. मागच्या दहा फुटांत शेगडी होती, रात्री आडवी उघडायची फळीची खाट होती, भिंतीला लेसच्या काठाच्या थाळ्या टांगलेल्या, आणि त्या बाईने सुकाणू तिथेच धरलेलं. हे मी आजींना बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि पेंटरला बुधवारी बोलावलंय म्हणाल्या.