चूल विझलेल्या घराची राखण

मे महिन्याच्या अखेरीस कोकणातली घरं बंद होतात, तेव्हा चाकरमान्याचं सगळं लक्ष कुलपावर असतं. दोन कुलपं, कडीला साखळी, किल्ली शेजारच्या काकांकडे. खरं तर चोराने न्यावं असं आत फारसं काही नसतं. घराचं वाटोळं करणारे तिघे वेगळे आहेत: पाणी वरून येतं, वाळवी खालून आणि उंदीर बाजूने. यांतल्या एकालाही दरवाजा लागत नाही.

पूर्वी ही घरं टिकायची ती चुलीमुळे. धूर माळ्यावरून कौलांच्या फटींतून बाहेर पडायचा आणि वासे-रिपा काळ्या, कोरड्या, किड्याला नकोशा होऊन राहायच्या. सारवताना भिंतीच्या कडेने हात फिरायचा, तेव्हा वाळवीची मातीची नळी बोटभर वर चढलेली दिसली की लगेच मोडली जायची. आता धूरही नाही आणि तो हातही नाही. घर बंद करताना आपण जे काही करतो, ते या दोघांच्या बदलीचं काम असतं.

सुरुवात कौलांपासून. जुन्या नळीच्या कौलांना दरवर्षी शाकारणी, म्हणजे कौलं उतरवून पुन्हा रचणं, लागायची. मंगलोरी कौलांना तेवढी उलथापालथ लागत नाही, म्हणून तिकडे बघायचंच राहून जातं. भर दुपारी माळ्यावर जाऊन बॅटरी विझवावी. जिथून सरळ कवडसा पडतो, तिथे जूनमध्ये धार लागणार. कौल सरकतं ते वानरांच्या उड्यांनी, फुटतं ते नारळाने, म्हणून छपरावर झुकलेल्या माडाचे नारळ आणि सुकी झापं आधीच उतरवून घ्यावीत. वीसेक कौलं पडवीत जादा ठेवावीत, तीही आपल्याच छापाची. दुसऱ्या कारखान्याच्या कौलाची खाच जुळत नाही आणि पाणी त्याच फटीतून आत येतं. कोने, म्हणजे आढ्यावरची कौलं, चुन्यात किंवा सिमेंटात पक्के बसवलेले हवेत. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळाने श्रीवर्धन-दापोली पट्ट्यात कौलं आणि पत्रे कसे उडवले, ते तिथे सगळ्यांना आठवतं.

वाळवीचं मात्र सबुरीने घ्यावं लागतं. ती जमिनीतून येते आणि तिला ओल लागते. जांभ्याचं जोतं मातीत बांधलेलं असेल, तर दगडांच्या सांध्यांतून ती बिनबोभाट वर चढते. म्हणून लाकूडफाटा, मांडवाचे वासे, रिकामी खोकी भिंतीला टेकवून ठेवू नयेत, निदान दोन फूट लांब हवीत. भिंतीवरच्या तसबिरी उतरवाव्यात, कारण त्यांच्या मागचा अंधार तिला फार आवडतो. चौकटीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघावं. आवाज पोकळ आला की वरचा रंग शाबूत असूनही आतलं लाकूड गेलेलं असतं. मातीची नळी दिसली की ती नुसती झाडून घर बंद करणं हा सगळ्यात वाईट उपाय, कारण वाळवी दुसऱ्या वाटेने येते. भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यात फूटभर अंतराने 12 मिलिमीटरची भोकं पाडून औषध मुरवावं लागतं. इमिडाक्लोप्रिड 30.5 टक्केवालं असेल, तर लिटरभर पाण्यात 2.1 मिलिलिटर. विहीर जवळ असेल तर हे काम परवानाधारक माणसाकडेच द्यावं, पाणी आपणच पिणार आहोत.

उंदराच्या पिलाला करंगळी जाईल एवढं भोक पुरतं. नळाच्या पाइपाभोवतीची, वायरीच्या भोकाची फट स्टीलच्या काथ्याने घट्ट भरून वरून सिमेंट लिंपावं. नुसता कपडा कोंबला तर त्याचंच घरटं होतं. विषाच्या वड्या टाकून निघून जाऊ नये. त्या खाल्लेला उंदीर चार-पाच दिवसांनी मरतो, तोही माळ्यावर किंवा कपाटामागे, आणि तो वास गणपतीपर्यंत मुक्कामाला राहतो. मेन स्विच बंद हवाच, कुरतडलेली वायर चालू असली की आग लागते. इन्व्हर्टरची बॅटरी पूर्ण चार्ज करून तिची वायर सोडवावी, सिलिंडरचा रेग्युलेटर काढून टोपी लावावी, फ्रिज पुसून त्याच्या दारात लाकडाचा तुकडा अडकवावा.

बुरशीच्या बाबतीत लोक हमखास उलटं करतात. गाद्यांवर प्लास्टिक ताणून बांधतात आणि आत अडकलेली ओल गादीच खाते. त्यावर जुनं सुती लुगडं पुरेसं असतं. कपाटाची दारं किलकिली ठेवावीत, मागे वीतभर जागा सोडावी. डांबरगोळ्या उघड्या खोलीत उडून जातात, त्या बंद ट्रंकेतच कामाच्या. तिथेही कपड्यांच्या वर ठेवाव्यात, कारण त्यांची वाफ जड असते, ती खाली उतरते. झरोक्यांना बारीक जाळी मारावी पण ते बुजवू नयेत.

एवढं करूनही पंधरा दिवसांतून एकदा घर उघडणारा माणूस लागतोच. सिंधुदुर्गात जागेच्या राखणदाराला, म्हणजे जागा सांभाळणाऱ्या अदृश्य रक्षकाला, वर्षाला एक नारळ पुरतो. हाडामांसाच्या राखणदाराला पैसे द्यावे लागतात, आणि ते द्यायला आपण कुरकुरतो. त्याला ‘जरा लक्ष ठेवा’ म्हणून भागत नाही, काम नेमून द्यावं लागतं. घर उघडायचं ते उघडीप असलेल्या दुपारीच, दोन-तीन तास. धुवाधार पावसात उघडलं तर बाहेरची ओल आत येते. मोठा पाऊस झाला की बॅटरी घेऊन माळा बघायचा, जोत्याच्या कडेने एक फेरी मारायची, मोरीत तांब्याभर पाणी ओतायचं. त्या मोरीच्या ट्रॅपमधलं, म्हणजे गटाराची वाट अडवणाऱ्या वाकड्या नळीतलं, पाणी दिवाळीनंतर आटतं आणि मग झुरळं गटारातून थेट स्वयंपाकघरात येतात.

गणपतीला येऊन दार उघडल्यावर लगेच केरसुणी हातात घेऊ नये. खिडक्या उघडून अर्धा तास बाहेर थांबावं. उंदराच्या लेंड्या कोरड्या झाडल्या की धूळ नाकात जाते, आणि उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिसच्या तापाची भीती वेगळीच. एक भाग ब्लीच, दहा भाग पाणी असं शिंपडून, दहा मिनिटं थांबून, हातमोजे घालून त्या पुसून घ्याव्यात. मीटरजवळच्या वायरी नजरेखालून घातल्यावरच मेन चढवावा, मग एकेक खोलीचं बटण. टाकीतलं जुनं पाणी सोडून द्यावं, माडाच्या आळ्यात.