तार घालायची की प्लेट?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. बोटाचं हाड मोडून सरकलं की नातेवाइकांचा ठरलेला प्रश्न असतो: हाड जागेवर धरून ठेवायला एक डॉक्टर तार म्हणतात, दुसरे प्लेट, पक्कं काय? पक्की प्लेटच. पण बोट नुसतं पक्कं असून भागत नाही, ते वळावंही लागतं.

मुळाचं पेर घ्या. त्याच्या पाठीवर बोट सरळ करणारी कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, चादरीसारखी हाडालगत पसरलेली असते. मध्ये ना मांस, ना म्हणावी अशी चरबी. प्लेट बसवायला ती कंडरा बाजूला घ्यावी लागते आणि जखम भरताना ती प्लेटला, हाडाला चिकटते. एक्स-रे सुरेख, मूठ मात्र अर्धीच! मग कंडरा सोडवायला दुसरं ऑपरेशन.

म्हणून हाड न उघडता बसत असेल तर मी आधी तारेचा विचार करते. सी-आर्मखाली, म्हणजे ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राखाली बघत, कातडीतूनच, साधारण १ ते १.२ मिलिमीटरच्या दोन तारा. काम साधं दिसतं, पण फसतं ते इथे: दोन्ही तारांची फुली नेमकी मोडलेल्या जागी पडली, तर तुकडे गोल फिरू शकतात किंवा मध्ये फट राहते. तार चुकली म्हणून पुन्हा पुन्हा ड्रिल फिरवलं, तर हाड तापतं, भोकाभोवती मरतं आणि तार ढिली होते. बाहेर राहिलेल्या टोकापाशी लाली किंवा पू दिसला तर ड्रेसिंगच्या तारखेची वाट बघू नका. बहुतेक वेळा ३ ते ४ आठवड्यांत तार निघते. तेव्हा एक्स-रेमध्ये भेग दिसतच असते, घाबरू नका. दाबल्यावर दुखत नसेल तर बोट हलवायला लागायचं.

फ्रॅक्चर लांब तिरकं किंवा पिळाचं असेल, म्हणजे भेगेची लांबी हाडाच्या जाडीच्या दुपटीहून जास्त, तर नुसते १.३ किंवा १.५ मिलिमीटरचे दोन-तीन स्क्रू पुरतात. हाडाच्या अलीकडच्या कठीण कवचात स्क्रूचं भोक थोडं मोठं ठेवायचं, म्हणजे स्क्रू पलीकडचा तुकडा ओढून घट्ट दाबतो. आडव्या फ्रॅक्चरला हाडाच्या पोकळीतून जाणारा बिनडोक्याचा स्क्रूही चालतो. तुकडे-तुकडे झाले असतील तर तो नको, आवळताना बोट आखूड होतं.

मग प्लेट कधी? हाडाचा चुरा झालाय, यंत्रात सापडून कंडराही तुटलीय, तेव्हा. तिचा खरा फायदा एकच, हालचाल काही दिवसांतच सुरू करता येते. प्लेट बसवून तीन आठवडे बोट बांधून ठेवलं तर चिकटणंही पदरात पडतं आणि आखडणंही.

काहीही बसवा, ऑपरेशनच्या टेबलावरच बोटाचा पीळ, म्हणजे ते गोल फिरलंय का, हे तपासलेलं हवं. एक्स-रेमध्ये तो नीट कळत नाही. बोटं मिटवली की सगळ्यांची टोकं मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला रोखलेली हवीत. तळहाताच्या हाडात ५ अंशांचा पीळ राहिला, तरी मिटलेलं बोट शेजारच्यावर सुमारे दीड सेंटिमीटर चढतं. फक्त बोट बधिर करून ऑपरेशन होत असेल तर उत्तमच, पेशंट स्वतः मूठ मिटून दाखवतो.

आणि तुमच्या सर्जनना तार की प्लेट एवढंच विचारू नका. विचारा, बोट कोणत्या दिवशी हलवायचं, आणि स्प्लिंटमध्ये, म्हणजे हाताला आधार देणाऱ्या पट्टीत, मुळाचा सांधा ७० अंशांच्या आसपास वाकवून पुढचे दोन्ही सरळ ठेवणार ना?